साळवे दारात उभे राहिले

खिदिरपूरच्या गोदीत दिगंबर साळवे फोरमन होते. मूळचे नगरचे. लहानपणी देवी येऊन गेल्याचे वण तोंडभर होते, आणि स्वभावही तसाच खरबरीत. कलकत्त्यातल्या मूठभर मराठी ख्रिस्ती घरांची रविवारची प्रार्थना त्यांच्याच खोलीत भरायची. कुणी सिनेमाला गेलं, कुणी रविवारी बाजार केला, की साळवे भर प्रार्थनेत नाव घेऊन झाडायचे.

त्यांच्या हाताखालच्या मनोहर कसब्यानं कालिंदी नावाच्या हिंदू मुलीशी लग्न केलं. तिचा बाप्तिस्मा झाला, ती प्रार्थनेला मन लावून बसायची, पण कपाळावरचं कुंकू काढेना. "नवरा जिवंत असताना ते पुसायला माझा हात होत नाही, काका," ती म्हणाली. साळव्यांनी तिला प्रभुभोजनाची भाकर नाकारली. मनोहर बायकोला घेऊन उठला, तो पुन्हा फिरकला नाही.

१९५१ साली शहरात देवीची साथ पसरली. एका रविवारी मंडळी जमली, तरी साळव्यांच्या पत्नी सुहासिनीबाई घरात नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "मनोहरकडे गेल्यात. कालिंदीला देवी आल्यात."

साळव्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रार्थना तशीच सोडून ते निघाले.

मनोहरच्या गल्लीत माणसं दाटली होती. कुणाच्या हातात बांबू होते, घरमालक मोठं कुलूप घेऊन उभा होता. "रोग्याला बाहेर काढा, नाहीतर आम्ही काढू!" असा ओरडा चालला होता. मनोहर दारात आडवा हात धरून होता.

"सुहासिनी, बाहेर ये!" साळव्यांनी हाक दिली.

"येणार नाही," आतून उत्तर आलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. "हिला पाणी पाजायला कुणी नाही. आणि तुम्हाला तर देवी येऊन गेल्यात. तुम्हाला कसली भीती?"

खरंच, त्या सगळ्या गर्दीत न भिता आत जाऊ शकेल असा माणूस साळवे एकटेच होते. आणि ते आले होते कशाला, तर बायकोला ओढून न्यायला. एक दगड भिंतीवर येऊन आदळला. आत कालिंदी कण्हली.

साळव्यांनी मनोहरला आत ढकललं आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले.

"माझं तोंड बघा!" मोडक्यातोडक्या बंगालीत ते गरजले. "मला हा रोग पुन्हा होत नाही. हे दार मी राखतो. आतलं कुणी बाहेर येणार नाही. पाणी लांब ठेवा, मी उचलीन. पण आजारी बाईला हात लावायचा तर आधी मला मारा!"

बांबू उगारलेला एकजण पुढे आला. साळवे हलले नाहीत. तो माणूस त्यांच्या वणांकडे बघत राहिला, मग मागे सरला. घरमालकानं पाण्याची बादली आणायला सांगितलं.

साळवे आत गेले. कालिंदीचं तोंड फोडांनी भरलं होतं. कपाळ कुठलं आणि कुंकू कुठलं, काही कळत नव्हतं. "हात लावू नका, काका," ती पुटपुटली.

"गप पड, पोरी," म्हणत त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

खपल्या धरेपर्यंत ते तिथंच राहिले. मध्ये सुहासिनीबाईंनाही ताप भरला. त्या दिवसांत साळव्यांना प्रार्थनेचा एक शब्द सुचेना. फक्त दोघींना आळीपाळीनं पाणी पाजत राहिले. सुहासिनीबाईंच्या अंगावर थोडे फोड उठले नि विरले, लस टोचलेली होती म्हणून. कालिंदीही वाचली, पण एक डोळा गेला.

पुढे ती प्रार्थनेला आली, कुंकू लावूनच. साळव्यांनी भाकर तिच्या हातावर ठेवली. दोन कुटुंबं तिथल्या तिथं उठून गेली आणि परत आली नाहीत. एकानं जाताना विचारलं, "मग नेम-नियमांचं काय?"

"देवावर माया करायची आणि माणसावर करायची," साळवे म्हणाले. "मला तेवढंच अजून नीट जमत नाही."

मंडळी आणखी लहान झाली. रविवारी प्रार्थना आटोपली की साळवे नवरा-बायको गोदीमागच्या वस्तीत आजाऱ्यांकडे जाऊन बसू लागले.