काहिलीला लावलेली तीट

शिवगोंडाच्या पोराचा फोन आला. "काका, आप्पा गेलं." माणूस गेला म्हटल्यावर मी रडावं की नाही? मी विचारलं, "कुठं?" दीड महिना झाला, माझं डोकं तिथंच अडकलंय. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते दोन वर्षांमागंच गेलेलं. नुसतं जेवायला यायचं..."

शिवगोंडा कागलकडच्या आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीत, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस आटून पाक झाला की 'उतरवा' म्हणायचा हक्क त्याचा. नव्वदच्या दशकात त्याचा गूळ असा पिवळाधमक, की ढेप अंगणात ठेवली तर उजाडलं समजून कोंबडा आरवायचा. शपथेवर सांगतो, माझ्या शपथेची किंमत अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

मग दोन वर्षांमागच्या एका हंगामात तो बुडबुड्यांकडं बघत बसला आणि 'उतरवा' म्हणालाच नाही. गूळ काळाठिक्कर. गडी गप्प. मला गप्प बसणं कुठलं जमायला! म्हटलं, गूळ एवढा देखणा झालता की दृष्ट लागू नये म्हणून यानं काहिलीलाच तीट लावली. गडी लोळले. शिवगोंडाही हसला. मग चहाच्या गाड्यागाड्यांवर ती गोष्ट मी नेली, दर खेपेला शेपूट वाढवून.

आठवड्यानं बांधावर बसल्यावर तो म्हणाला, "पाक दिसत हुता रं. तोंडच उघडंना. पहाटं तीनला जाग येतीया. कशात मनच लागंना."

मी त्याला उचलून कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेला, म्हशीचं धारोष्ण दूध दोन तांबे पाजलं. म्हटलं, "पी की गप." तो प्याला. माझ्यासाठी प्याला असावा.

पंधरा दिवसांमागं रक्तदाब दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांना शिवगोंडाचं सगळं सांगितलं. झोप? भूक? साधं काही ठरवता न येणं? प्रत्येकाला मी 'व्हय' म्हणत गेलो. नैराश्याचा आजार असावा, म्हणाले. पण पोरगा एमआयडीसीत चिकटलेला, लेक सुखात, कुणाशी भांडण नाही, कारण काय? ते म्हणाले, कारण दिसेलच असं नाही, कधी घराण्यात असतं. तेव्हा त्याचा बाप आठवला, महिनोन् महिने भिंतीकडं तोंड करून बसणारा. त्याचं 'मौनीबाबा' हे नाव मीच पाडलेलं. शिवगोंडानं मधुमेहाच्या गोळ्याही सोडल्या होत्या. हृदय त्यानं थांबलं का, ते त्यांनाही सांगता येईना. एवढंच म्हणाले, "औषधानं बरं होतं हो हे."

गेल्या आठवड्यात गुऱ्हाळावर गेलो. चंदगडकडचा एक नवा गडी, मला न ओळखणारा, चुलवाणापाशी सगळ्यांना तीच तिटेची गोष्ट रंगवून सांगत होता. माझ्यापेक्षा झकास. "आणि गुळव्या काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणतोय? पोट धरून हसला की."

हसला होता, हे खरंच...

"पावणं, ती गोष्ट माझी हाय," मी म्हटलं. "आणि खोटी हाय. गुळव्या आजारी हुता."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आता हसायचं कुठं म्हणून.