ससा उताणा निजतो तेव्हा

शहाबादी फरशीवर टिक् टिक् असा बारीक आवाज उठला की समजावं, आमच्या कापश्याची नखं वाढली. नात शिकायला पुण्याला गेली आणि तिचा हा शुभ्र ससा पडेगावच्या घरी माझ्या पदरात आला. माळावर असता तर माती उकरता उकरता नखं आपोआप झिजली असती. इथल्या गुळगुळीत फरशीवर ती कशानं झिजावीत? परवा एक नख गोधडीच्या दोऱ्यात अडकलं आणि त्यानं असा हिसका दिला, की माझ्याच काळजात चर्र झालं. मुळातून उपटलं असतं तर?

नेलकटर घेऊन बसले. नख उजेडाला धरलं की आत एक गुलाबी रेघ दिसते, पहाटेच्या आभाळातून उचलून आणल्यासारखी. ती रक्ताची शीर. तिच्या अलीकडंच थांबायचं. पण याला धरावं कसं? आम्ही बायका पाय पसरून, तान्ह्या लेकरांना पायांवर निजवून न्हाऊ घालत आलो. तसंच मी त्याला उताणं घेतलं. आणि काय नवल! धडपडणारा तो जीव एकदम निपचित झाला. माझ्या हातात अजून ती माया आहे म्हणायची, अशा कौतुकानं मी सुनेला हाक मारली, “वर्षा, बघ गं, कसं लेकरू झालंय.”

ती ओले हात पुसत आली. “अहो आई, निजला नाय तो. लई भ्यालाय. उताणं पाडलं की सशाला वाटतं, आता आपल्याला कुणी खातंय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्याच नातीनं. तुम्ही तेव्हा तिच्या डब्यात लाडू कोंबत होता.”

मी त्याच्या छातीवर बोट ठेवलं. आत नुसती धडधड चालली होती. भय आणि शांती बाहेरून इतकी सारखी दिसावीत? दाखवायला आणलेली पोर मान खाली घालून बसली की आम्ही म्हणायचो, किती शांत स्वभावाची! तिच्या छातीवर बोट कुणी ठेवलं होतं?

त्याला सरळ केलं, पाठ माझ्या पोटाशी टेकवली, पदर पांघरला. अडकणाऱ्या नखाचं टोक तेवढं कापलं. दुसऱ्याला हात लावताच त्यानं माझ्या मनगटावर लाथ मारली.

“आला शुद्धीवर,” वर्षा म्हणाली.

मी पंजा सोडला. तो थेट पलंगाखाली गेला. आता कोथिंबिरीची काडी त्या अंधारात धरून मी फरशीवर बसले आहे. काडीचं पलीकडचं टोक आत्ता जरासं हललं.