मोरीकडचा ढाळ

सुप्याच्या आमच्या कारखान्यात क्रिकेटचे सामने व्हायचे तोवर मी सुखी होतो. मला कोणी बोलवत नसे. मग परदेशातून नवे साहेब आले आणि कौटुंबिक मेळाव्यात त्यांनी पटिंगची स्पर्धा काढली. पटिंग म्हणजे गोल्फचा चेंडू दांड्याने हळूच ढकलून खळगीत घालणे. प्रत्येक खात्यातून एक माणूस, प्रत्येकाला तीन चेंडू. क्वालिटीतून मी, कारण नावं ठरवायच्या बैठकीला मी नेमका सुट्टीवर होतो. स्टोअरमधून तिथले प्रमुख, जे सावलीतल्या माझ्या जागेवर रोज स्वतःची गाडी लावतात. त्यांच्याकडून हरायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

सरावाला दांडा घरी आणला. हॉलमध्ये स्टीलचा पेला आडवा ठेवला. चेंडू निघायचा पेल्याकडे आणि वळून जायचा उजवीकडे, स्वयंपाकघरात.

"अवो, फरशीला मोरीकडं ढाळ हाय," बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

"तुला गोल्फमधलं काय कळतंय? माझं मनगट वळतंय."

मग मी व्हिडिओ पाहिले. मान खाली, गुडघे सैल, श्वास रोखलेला. शेवटी शोध लागला: डावीकडे टीव्हीच्या टेबलाच्या पायावर नेम धरला की चेंडू बरोबर पेल्यात जातो. मनगट सुधारलं म्हणून मी घरभर छाती काढून फिरलो.

मेळाव्याला कॅन्टीनमध्ये हिरवी चटई अंथरली. ती सपाट आहे का, हे क्वालिटीचा माणूस म्हणून मीच पाणसळ लावून तपासलं. बुडबुडा अगदी मधोमध. मग मान खाली घातली आणि सवयीने डावीकडे नेम धरला. चेंडू साहेबांच्या बुटाला लागला. दुसराही तिथेच गेला. साहेबांनी पाय मागे घेतला. स्टोअरवाले आपले दोन चेंडू घालून निवांत वडा खात होते.

तिसऱ्या वेळीही मी डावीकडेच नेम धरला, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "अवो, हितं मोरी न्हाई!"

सगळं कॅन्टीन हसलं. मला भयंकर लाज वाटली. तरी नेम सरळ धरला, आणि चेंडू टपकन खळगीत पडला. कप अर्थातच स्टोअरला गेला.

दुसऱ्या सकाळी तिनं हॉलमध्ये बादलीभर पाणी ओतलं. पाणी उजवीकडे वळलं आणि थेट मोरीकडे निघालं. खराटा टेकवून ती बघत राहिली.

"पान्याचंबी मनगट वळतंय वाटतं," ती म्हणाली.