बमरोलीला ताईसाठी मुलगा बघायला

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताईला सुरतेजवळच्या बमरोलीत स्थायिक झालेल्या खानदेशी घराचं स्थळ आलं, आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुलगा न पाहताच नापास केला. सुरतेची पोरं उद्धट, हे त्यांचं ठाम मत. स्वतः सुरत कधी पाहिली नव्हती. ताईने मात्र त्या मुलाला, दिनेशला, एका लग्नात पाहिलं होतं आणि तिला तो मनापासून आवडला होता. आईने तगादा लावला म्हणून अण्णा घर बघायला निघाले, सोबत मी. निघताना ताई कानात म्हणाली, "अण्णाले सांभाळजो."

नंदुरबारहून पॅसेंजरने जा. बमरोलीसाठी सुरतेपर्यंत जाऊ नका, आधी उधन्याला उतरा. तिथून शेअर रिक्षा स्वस्तात मिळते. व्याऱ्याच्या पुढे दोन्हीकडे ऊसच ऊस, खिडकी सोडू नका. डब्यात एक गृहस्थ म्हणाले, "सुरतनी पोरे पैसा कमाडतस, पन तोंडना फाटेल." अण्णांना तो माणूस फारच शहाणा वाटला. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. पूर्वग्रहाचं प्रकरण तोंडपाठ होतं, पण वडिलांसमोर त्याचा काय उपयोग?

दिनेशच्या घरी गरमागरम लोचो आला, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा मऊ वाफवलेला पदार्थ, वर तेल आणि शेव. गार होऊ न देता खायचा असतो. मी खातच होते, तेवढ्यात दिनेश केवढ्यांदा ओरडला, "माय, पानी दे!"

अण्णांनी बशी खाली ठेवली. मला हळूच म्हणाले, "मायवर असा वसकस. मन्ही पोरले काय सुख देई?"

ताईला काय सांगणार होते मी?

मग दिनेश आम्हाला त्याचा यंत्रमागांचा कारखाना दाखवायला घेऊन गेला. लूमच्या खडखडाटात मला माझाच आवाज ऐकू येईना. अण्णांनी काहीतरी विचारलं, ते दिनेशला नुसत्या ओठांवरून कळलं. इथले कामगार बोलणं असंच ओळखतात. तो त्यांच्या कानाशी ओरडून उत्तर देऊ लागला. अण्णाही ओरडू लागले. बराच वेळ दोघांचं छान चाललं होतं.

बाहेर आल्यावर अण्णा चहावाल्यावर तसेच खेकसले, "तीन चहा!" तो बिचारा दचकला.

दिनेश हसला. "मन्हं बी असंच व्हस, अण्णा. घर जाईसनबी आवाज उतरत नही. माय रोज टोकस."

चहा मात्र अण्णांनी सावकाश, दिनेशच्या शेजारी बसून प्यायला.

घरी पोचलो तर ताई दारातच उभी होती. अण्णा चप्पल काढत म्हणाले, "पोऱ्या जोरमा बोलस. कानले सवय करी ले." ताई पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

अण्णांचं मत पूर्ण बदललं असं समजू नका. सुरतेची बाकीची पोरं त्यांच्या लेखी उद्धटच राहिली, जावई तेवढा अपवाद. पण लग्नानंतर वर्षाने ताई माहेरी आली ती चांगलीच मोठ्याने बोलत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमनी पोर सुरतले जाईसन उद्धट व्हयनी."

"उद्धट नही," अण्णा म्हणाले. "तिना घरमा लूमवाला शे."