टिकारामची भुजली

बपेऱ्याच्या टिकारामला फुकटच्या प्रेमाची भारी धास्ती. एकाहत्तरच्या श्रावणात रेडिओवर बातमी आली, रशियाशी दोस्तीचा करार झाला. चहाच्या टपरीवर सगळे खूश. मधुकरराव दुकानदार म्हणे, आता आपल्या वाट्याला जायची कोणाची बिशाद! टिकाराम तेवढा आठ्या घालून बसला होता.

"इतक्या दुरून कोनी उगाच येते का? आज देऊन राहिला, उद्या मांगन," तो म्हणाला.

असाच संशय त्याला नत्थूचाही होता. नदीपलीकडचा हा नत्थू त्याची भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब दोघांनी एकमेकांच्या कानावर खोचले, की जन्माची दोस्ती. मग नाव घ्यायचं नाही, 'भुजली' म्हणूनच हाक मारायची. त्याच श्रावणात ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत, टिकारामचा बैल लंगडला, तर नत्थू न बोलावता आपली जोडी घेऊन आला आणि चिखलणी करून गेला. टिकारामची बायको धुरपता देवाला हात जोडत राहिली. टिकाराम मात्र याची नजर आपल्या शेताच्या कोणत्या बांधीवर आहे, तेच पाहत राहिला.

हिवाळ्यात लढाई झाली, आपण जिंकलो. रशिया पाठीशी उभा राहिला म्हणून गाव नाचलं. टिकाराम म्हणाला, थांबा, मागणी यायचीच आहे. वर्षं गेली. रशियानं काय मागितलं ते बपेऱ्यात कोणाला कळलं नाही, आणि नत्थूनंही काही मागितलं नाही. त्यामुळे तर टिकारामची झोपच उडाली. इतका थांबला, म्हणजे मोठंच मागणार!

एकोणऐंशीत पावसानं दगा दिला. एका दुपारी नत्थू ओसरीवर येऊन बसला. त्यानं पाण्याचा गडवा उचलायच्या आत टिकारामनं विचारलं, "बोल भुजली, काय पाह्यजे तुले?"

त्या आवाजात काय होतं ते नत्थूला बरोबर कळलं.

"काई नाई. तुले पाहाले आलो," म्हणून तो उठला. पाणी तसंच राहिलं.

धुरपता भडकली. नत्थूचे सगळे परे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, उन्हानं जळाल्याचं तिनं बाजारात ऐकलं होतं. आणि यांच्याकडे बोडीच्या, शेतातल्या तळ्याच्या, पाण्यावर वाढलेले परे इतके उरले होते, की बैलांपुढे टाकत होते. टिकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं परे उपटून बैलबंडीत भरले आणि नदीपार गेला.

"भुजली, परे आनले तुह्यासाठी," तो दारातूनच म्हणाला.

नत्थूनं खाट टाकली, पाणी आणलं. "बस टिकाराम," तो म्हणाला.

सगळं गाव त्याला त्याच नावानं हाक मारी. नत्थूच्या तोंडून मात्र, कानावर कोंब खोचल्यापासून, ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.