गाळलेला उतारा

चर्चमध्ये पुढच्या बाकावर एक मुलगी आजीला पवित्र शास्त्र वाचून दाखवत होती. अवघड ओळ आली तशी ती ओळ गाळून पुढे वाचू लागली. आजी म्हणाली, "सोडू नको बाळा, हळू वाच."

माझ्या आईलाही अक्षरओळख नाही. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि तेही दादाने शाळा सोडून वीटभट्टी धरली म्हणून. पुढे घराच्या वाटणीवरून मी दादाशी बोलणं टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी आईला शास्त्र वाचून दाखवताना मी एक उतारा गाळायचे. वेदीशी दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असं सांगणारा.

आईला तो तोंडपाठ होता. "आज पण पानं चिकटली का गं?" एवढंच ती विचारायची. मी "हो" म्हणायचे.

मागच्या महिन्यात दादा गेला. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. आईचे हुंदके त्या शब्दांनी हळूहळू थांबले. मला मात्र गाळलेलंच पान दिसत राहिलं.

आज दानाची पिशवी फिरत फिरत माझ्यापुढे आली. मुठीतली नोट मुठीतच राहिली. आधी ज्याच्याकडे जायचं होतं, तो आता घरी नव्हता.