देवघरापुढे राहिलेली पेटी

मी एका आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकवतो. गाडी बंद पडली की तिचं काहीतरी तुटलेलं, झिजलेलं नाहीतर संपलेलं असतं, एवढंच मला माहीत. भूत, चकवा, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतो, पण खरं सांगायचं तर जेवताना तोंडी लावायला म्हणून. आज स्वतःच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्ही हसलात तरी तक्रार नाही.

आमचं गाव कळसाडी, तालुका शहादा. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी डिझेल व्हॅन होती. नाना तिच्यातून दर आठवड्याला मोलगीच्या बाजारात जायचे, आमचूर आणि भगर भरून आणायचे. चार वर्षांपूर्वी नाना गेले. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला, पण माय त्याला ओट्यावरच पाणी पाजून परत पाठवायची. शेवटी यंदा मी गाडीला हात घातला. आतलं सगळं काढून पत्रा घासला, रंग दिला, मागे झोपायचा पलंग, खाली सामानाचा कप्पा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. बायकोने, वैशालीने, खिडक्यांना निळ्या चौकड्यांचे पडदे शिवले. आमची कॅम्पर व्हॅन तयार!

जुनी गाडी घेऊन निघायचं तर सोबत काय हवं, याची यादी मी पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज आणि क्लिपा, क्लच केबल, डिझेल फिल्टर, फ्यूज, बल्ब, टेप, बाइंडिंग वायर, पान्यांचा सेट, जॅक, पाण्याचा कॅन. घरची पेटीही मी तशीच भरली होती, प्रत्येक वस्तू दोनदा तपासून.

आता माझी अक्कल ऐका. आमच्याकडे नवं काम सुरू करताना अवजारं देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहतात, आणि मायचा नियम असा की दिवा आपोआप शांत होईपर्यंत ती उचलायची नाहीत. पहिल्या प्रवासाची पेटी म्हणून मायने दिव्यात तेलही हात सैल सोडून घातलं होतं. सकाळी सहाला निघताना दिवा तेवतच होता. म्हटलं, चहा घेतो, मग बघू. चहा झाला, मायची पिशवी, खुर्ची, उशी चढवली आणि निघालो. पेटी देवघरापुढेच राहिली. पोरांना यादी देणारा मास्तर स्वतः रिकाम्या हाताने सातपुड्यात निघाला.

मायला मोलगीचा रस्ता एकदा बघायचा होता. नाना ज्या रस्त्याने आयुष्यभर गेले त्यावर ती एकदाही गेली नव्हती. बाजाराचा दिवस नको, गर्दीत तिचा दमा उसळतो, म्हणून मधला वार धरला. मोलगीत नानांच्या ओळखीच्या घरी भगर घेतली, जेवलो, अडीचला परत फिरलो. माय खूश होती. खिडकीतून बघत आपल्याशीच काहीतरी बोलत होती.

देवगोई घाट अजून सुरूच होत होता आणि मायला धाप लागली. इन्हेलर दोनदा दाबला, त्यातून नुसती हवा. संपला होता. अक्कलकुव्याला दवाखाना, मी गाडी पळवली. दहा मिनिटांत समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, इंजिनातून फटकन आवाज आला आणि तापमानाचा काटा वर चढला.

बॉनेट उघडलं. फॅन बेल्टच्या चिंध्या.

गाडी उतारावरून बंदच सोडून देता आली असती, असं कुणाला वाटेल. पण या गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागे असतो, आणि डायनामो फिरतो याच बेल्टवर. बेल्ट गेला की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. पुढे सगळी वळणं आणि आत माय. मोबाइलला रेंज नाही. बाजार नसल्यामुळे जीपही नाही. वैशालीची ओढणी पिळून पुलीला बांधून पाहिली, अर्ध्या मिनिटात तिचे तुकडे झाले. मायच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी घाबरलो होतो, इतका की पाना शोधायला चार वेळा त्याच खिशात हात घातला. माझ्या चुकीने माय इथे रस्त्यावरच दगावेल, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात वरच्या पाड्याकडे जाणारी एक बाई थांबली. डोक्यावर पाण्याचा हंडा. तिची भिली मला नीट कळेना, पण तिने काही न विचारता हंडा उतरवला, मायचा चेहरा पुसला आणि उरलेलं पाणी रेडिएटरकडे बोट दाखवून माझ्याकडे सरकवलं. पाणी ओतायला तांब्या हवा म्हणून मी पलंगाखालच्या कप्प्यात हात घातला.

हाताला गाठोडं लागलं.

निळ्या चौकड्यांचं कापड, वर गाठ. गाठ सोडली तर आत फॅन बेल्ट. बेल्टच्या मधोमध दोन पाने, तेरा आणि सतरा नंबरचे. डायनामो सैल करायला नेमके हेच दोन लागतात, तिसरा नाही.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. इंजिन निवू दिलं, बेल्ट चढवला, ताणला, पाणी भरलं. स्टार्टर मारला. लाल दिवा विझला. त्या बाईला हात जोडले, ती हसून हंडा घेऊन चालायला लागली. पाऊण तासात आम्ही अक्कलकुव्यात होतो. दवाखान्यात मायला वाफ दिली, इंजेक्शन दिलं आणि तासाभराने ती चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरायला लागली. ती कुरकुर ऐकून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो, हे वैशालीला सोडून आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वैशालीला कापडाचं नवल वाटत होतं. ते आमच्या पडद्यांचंच होतं, तेव्हा महिनाभरच आधी आणलेलं, आणि तिने उरलेल्या तुकड्याचे उशीचे अभ्रे शिवले होते. मी मायला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, गाठ कशी होती? मी ओढणीच्या तुकड्यावर बांधून दाखवली. उलटा फास, टोक डावीकडे वर.

मायने तो तुकडा हातात घेऊन गाठीवरून बोट फिरवलं.

"हाई गाठ तुन्हा बापनी शे," ती म्हणाली. "दुसरं कोन बांधी असी?"

नानांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. तेव्हापासून ते डाव्या हाताने बांधायचे, आणि गाडीतलं प्रत्येक सामान कापडात गुंडाळून ठेवायचे. तशी गाठ घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. मला त्या दिवशी आली, कारण नुकतीच सोडली होती.

घरी पोहोचल्यावर आधी देवघर गाठलं. दिवा शांत झालेला. पेटी जागच्या जागी, कुंकवासकट. उघडली. बेल्ट आत होता. सेटमधला तेरा होता, सतराही होता.

कप्पा मी स्वतः घासला, रंगवला होता. तो रिकामा होता, शपथेवर सांगतो. वैशालीला बेल्ट कुठे बसतो तेही ठाऊक नाही, आणि मायची बोटं वाताने गाठ बांधण्याइतकी वळत नाहीत. विसरून मीच ठेवला असेल म्हणावं तर कापड आणि गाठ यांचं काय? सहा महिने विचार करतोय, अजून काही हाती लागलेलं नाही. माझ्याकडे आता दोन तेरा आहेत आणि दोन सतरा, एवढं खरं. तो बेल्ट अजून गाडीवर चालतोय, बदलायची हिंमत होत नाही.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटायचं. परवा मायजवळ बोललो, की मी घाईत गाठ सोडून टाकली, कापड कापून काढलं असतं तर नानांची ती एक खूण तरी राहिली असती.

माय भगर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आरे, ती सोडासाठेच बांधेल व्हती ना."